भिंतीवरच्या तीन चिठ्ठ्या

माझं घर अकोल्यात. दर शनिवारी सकाळी तेल्हाऱ्याकडच्या एका गावातल्या शाळेत मी मुलांना हायकू लिहायला शिकवायला जायचे. फळ्यावर नियम तीनच: ओळी तीन, अक्षरं पाच, सात, पाच, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. कुणी 'मला वाटतं' लिहिलं की मी खोडायचे. घरी आल्यावर चिठ्ठ्या विषयवार पाकिटांत टाकायचे: कीटक, प्राणी, निसर्ग, शाळा. काम नीटनेटकं चाललंय असं वाटायचं.

एप्रिलमध्ये अमरावतीच्या एका प्रदर्शनासाठी कविता मागवल्या गेल्या. अट होती, प्रत्येक मुलाच्या कविता तारखेप्रमाणे लावून द्या. रविवारी सकाळी सगळी पाकिटं टेबलावर रिकामी केली. पाचवीतल्या एका मुलीच्या चिठ्ठ्या तीन वेगळ्या पाकिटांतून निघाल्या. त्या एकाखाली एक ठेवल्या.

जानेवारी:
भिंतीची भेग
मुंग्या गेल्या रांगेत
आल्याच नाही

मार्च:
पाल पळाली
भेगेत गेली पूर्ण
शेपटीसुद्धा

एप्रिल:
उन्हाची रेघ
भिंतीमधून आली
बाळाच्या गाली

शेवटच्या चिठ्ठीवर माझ्याच लाल पेनानं 'सुंदर!' लिहिलेलं होतं. ती मी वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवली होती.

मुंगीपुरती भेग आता आरपार गेली होती, आणि तिच्याजवळ बाळ झोपत होतं. उन्हाळ्यात काळी माती फाटली की तिच्यावरच्या भिंतीही ओढल्या जातात, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पश्चिमेला अवकाळीचे ढग जमले होते. मी गाडी काढली.

मुलीच्या आईनं दार उघडलं. विटा-मातीची भिंत, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर लुगड्याची झोळी. झोळीत बाळ. मी पर्समधली फूटपट्टी भेगेत घातली. ती कुठेच अडली नाही.

"दरसाल फाटते, म्याडम," मुलीचे वडील म्हणाले. "पाणी पडलं का जुळते आपोआप. तुमी काहून घाबरून राहिल्या?"

"आजपासून शाळेच्या वऱ्हांड्यात झोपा. मुख्याध्यापकांशी मी बोलते."

"शाळेत? अन् सकाळी मास्तरनं माहीच हजेरी घेतली त?"

आई हसली नाही. "मले रोज माती गळाचा आवाज येते," ती म्हणाली. "झोळी झटकली का खाली रेती पडते." तिनं बाळाला माझ्या हातात दिलं आणि झोळीची गाठ सोडायला घेतली.

"ने बाप्पा, ने," वडील म्हणाले, आणि स्वतःच खाट उचलली.

मंगळवारी दुपारी वादळ आलं. भिंत आतल्या बाजूला पडली, झोळी बांधायचे नेमकी तिथे. घरात कोणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती मुलगी नेहमीसारखी पुढे बसली होती. मी तिला जवळ बोलावलं. "अगं, मला आधी सांगायचं नाही का?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तीन खेपा सांगतलं ना, म्याडम. तुमी म्हणाल्या, सुंदर."

मी चिठ्ठ्या गोळा करून गाडीकडे निघाले. बाकीच्या एकवीस मुलांच्या चिठ्ठ्या घरी टेबलावर तशाच पडल्या होत्या. त्या मी अजून तारखेप्रमाणे लावल्या नव्हत्या.