सुप्रभाने न काढलेलं दार

सुप्रभाबद्दल तंजावुरात आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दोन गोष्टी ऐकायला मिळतील. मुलगी हुशार होती, ही एक. आणि तिने अमेरिकेतल्या एका जुन्या घराच्या नकाशात मनानेच दार काढलं आणि नोकरी घालवून बसली, ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी साफ खोटी, आणि ती खोटी असल्याचं आठ वर्षं एकट्या मलाच माहीत होतं, अशी माझी समजूत होती.

मेडिकल कॉलेज रोडवर औषधाच्या दुकानावर आमची नकाशांची कचेरी होती. मालक कल्याणराम, मी तपासनीस आणि नकाशे काढणारी पाच मुलं-मुली. काम अमेरिकेहून यायचं. तिकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रेअरी शैलीची घरं बांधली गेली. बुटकी, लांबलचक, वळचणी भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेल्या, खिडक्या एका ओळीत. त्यांचे मूळ नकाशे जीर्ण झालेले. त्यांची छायाचित्रं आमच्याकडे येत आणि आम्ही ती रेघ न् रेघ संगणकावर पुन्हा काढत असू, म्हणजे तिकडच्या लोकांना घरांची डागडुजी करता यावी. नियम एकच होता. मुळात नाही ते काढायचं नाही, आणि दिसत नसेल तर जागा कोरी ठेवून तसं लिहायचं.

सुप्रभा राजवाड्यामागच्या गल्लीतली, आमच्यातलीच, तंजावुरी मराठी. वडील लवकर गेलेले, घरात आई आणि धाकटा भाऊ. बाकीची पोरं मापं उतरवून मोकळी व्हायची. ही मात्र प्रत्येक घरात राहून आल्यासारखी बोलायची. डबा खाताना मला सांगायची, "ह्या घरांत शिरायास वळणें घ्यावीं लागतात, अण्णा. दार वाटेवरून दिसतच नाही. अन् आंत मधोमध चूल, तिच्याभोंवतीं सगळें घर." मी दहीभात कालवत हूं म्हणायचो. तीस वर्षं नकाशे तपासणाऱ्या माणसाला कालची पोर काय शिकवणार, असा माझा तोरा. तो तोराच मला नडला, नव्हे, तिला नडला.

एरवी चूक दिसली की मी छापील कागदावर लाल पेन्सिलीने खूण करायचो आणि ज्याचा नकाशा तो दुरुस्त करायचा. त्या दिवशी सुप्रभा वडिलांच्या श्राद्धासाठी रजेवर होती आणि संध्याकाळी नकाशा पाठवायचा होता. मी तो पडद्यावर उघडला, तर घराच्या पुढच्या अंगाला नुसती भिंत. मुळात त्या जागी कागदाची घडी पडून काळा पट्टा उमटलेला, भिंतीची रेघ त्यातून जेमतेम दिसणारी. मला वाटलं, दार घडीत गेलं आणि पोरीच्या ध्यानात आलं नाही. आमच्या गल्लीत रस्त्यावर उभं राहिलं तर पुढच्या दारातून परसातली विहीर दिसते. पुढून दार नसलेलं घर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी साडेतीन फुटांचं दार काढलं, खाली तीन पायऱ्या आणि त्यांवर चढ दाखवणारा बाण काढला, तपासणाऱ्याच्या रकान्यात सही ठोकली आणि पाठवून दिलं. काढणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव होतंच. दुसऱ्या दिवशी तिला सांगायचं राहून गेलं.

दोन महिन्यांनी तिकडून पत्र आलं. सुतार नकाशा घेऊन घरापाशी गेला, तर भिंतीत कधीकाळी दार असल्याची खूणही नाही. ज्या हाताने हे बनवलं त्या हाताचे सगळे नकाशे आम्हांला संशयास्पद वाटतात, असं त्यात लिहिलं होतं. कल्याणरामांनी सगळ्यांसमोर सुप्रभाला विचारलं. ती म्हणाली, मी दार काढलं नाही. मग तिने नकाशा उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. मी दोन हात अंतरावर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून बसलो. नोकरी जाईल म्हणून नव्हे, मला कुणी काढलं नसतं. त्या पोरांसमोर भीमसेनरावांचं, म्हणजे माझं, चुकलं असं व्हायला नको होतं, एवढंच. लिहितानाही लाज वाटते.

मालकांनी तिला खोटारडी म्हणून त्याच दिवशी काढलं. आमचं गाव लहान, अशा कचेऱ्या चार, आणि बोभाटा व्हायला आठवडा पुरला. कुणी तिला पुन्हा रेघ ओढायला दिली नाही. पुढे भावाला तिरुवैयारुत काम लागलं आणि ती आईला घेऊन तिकडे गेली. तिथे ती बसस्टँडजवळ जेरॉक्सच्या दुकानात बसते, लोकांचे अर्ज भरून देते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. घरात बसल्यावर तो नकाशा रोज डोळ्यांपुढे यायला लागला. शेवटी मार्गशीर्षात एका सकाळी बसने तिरुवैयारुला गेलो. तिने स्टूल दिलं, कॉफी मागवली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती कागदाचा गठ्ठा सरळ करत ऐकत होती.

"मज तेव्हांच ठाऊक होतें, अण्णा," ती म्हणाली. "पायऱ्यांच्या बाणाला शेपटीकडे टिंब तुम्हीच देता. दुसरें कोणी देत नाही."

मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"तुम्हीं सांगाल म्हणून वाट पाहत होतें."

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मालकांना सांगा. त्यांनी मला खोटारडी म्हटलं होतं, तेवढं पुसून टाका, बाकी काही नको.

दुसऱ्याच दिवशी मी कल्याणरामांकडे गेलो. कचेरी आता मुलगा बघतो. ते झोपाळ्यावर बसले होते, तब्येत ठणठणीत, माझ्या नातवंडांची नावं घेऊन चौकशी केली. मी दाराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "सुप्रभा कोण?"

मी गल्ली सांगितली, वर्ष सांगितलं, ती बसायची ती खिडकी सांगितली. त्यांना आठवेना. "असेल, पुष्कळ पोरी येऊन गेल्या," असं म्हणून त्यांनी आतून चकलीसारखे मुरुक्कू आणायला सांगितले.

घरी येऊन मी तिला फोन केला. मालकांना सगळं सांगितलं, म्हटलं. त्यांना फार वाईट वाटलं, तुझं नाव घेऊन हळहळले, म्हटलं. पलीकडे तिने आईला हाक मारली आणि मी सांगितलेलं शब्दन् शब्द तिला मोठ्याने सांगितलं.