नानांची अमेरिकन उडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, मग सांगते. मध्येच कोणी फिस्सकन हसलं की माझा धीर सुटतो, आणि हा किस्सा सांगायला धीर लागतो.

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला होता. चहा पिता पिता फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "मावशी, बघ. अमेरिकेतल्या जुन्या मासिकांमधल्या जाहिराती. तू लग्न होऊन जळगावला आलीस ना, त्या काळातल्या. लोक आता फ्रेम करून लावतात."

मी चष्मा लावला. लाल हाफपँट, गुडघ्यांना गाद्या, डोक्यावर हेल्मेट, पायाखाली चाकं लावलेली फळी आणि पोरगा सरळ आभाळात!

"अगं बाई! हे चित्र तर आमच्या दुकानावर होतं!"

भाचा बघतच राहिला. "मावशी, हा त्या काळचा नावाजलेला स्केटबोर्डवाला आहे."

"असेल. पण आमच्याकडे तो प्लायवुड विकायचा."

त्याचा चहा नाकातून बाहेर आला. आता तुम्हीही कप खाली ठेवा.

मी मूळची धुळ्याची. बी.ए. झालेली, तेही इंग्रजी घेऊन! त्या वेळी आमच्या गल्लीत ही केवढी मोठी गोष्ट होती, तुम्हाला कल्पना नाही. लग्न होऊन जळगावला आले. सासरची माणसं मूळची असोद्याची, घरची केळी आणि कापूस. माझे सासरे, म्हणजे नाना, तेवढे वेगळे निघाले. शेती मोठ्या भावाच्या हाती सोपवून त्यांनी शहरात प्लायवुडचं दुकान टाकलं.

टाकलं खरं, पण घेतो कोण? लोकांना माहीत होतं सागवान. गिऱ्हाईक यायचं, प्लायवुडवर टकटक करायचं आणि म्हणायचं, "नाना, हा त निस्ता लगदा हाये. पान्यात टाकला त पापड होईन याचा!" नाना बिचारे कडेचे थर दाखवून दाखवून थकायचे. त्यात असोद्याहून मोठे भाऊ, आबा, मोटारसायकलवर यायचे. रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसून म्हणायचे, "चाल, केळीत चाल परत. तिथी तुही वाट पाहू राह्यले सगळे."

नाना हसायचे. पण त्या रात्री जेवताना एक भाकरी कमी खायचे.

आणि घरात मी! माझी भाकरी म्हणजे तव्यावर काढलेला नकाशा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. अक्का ती भाकरी उचलून बघायच्या आणि एक शब्दही बोलायच्या नाहीत. न बोलणं किती टोचतं ते सुनेलाच विचारा! नानाच तेवढे माझी बाजू घ्यायचे. "भाकरी कोनीबी करते. आपली सून इंग्लिश वाचते!"

झालं काय, मुंबईहून सनमायकाचे तक्ते आले. ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये रद्दी घातलेली असायची. त्या खेपेला रद्दीत निघाली चकचकीत रंगीत मासिकं, सगळी परदेशी. नानांना एवढा गुळगुळीत कागद फेकवेना, त्यांनी घरी आणली. अक्का म्हणाल्या, "बरं झालं, डबे ठेवायच्या फळीवर अंथरते."

मी म्हटलं, "थांबा, आधी वाचू तर द्या."

तिथेच घात झाला.

पहिलंच पान उघडलं, तर काय लिहिलेलं? 'सेव्हन प्लाय'! सात थर! पुढच्या पानावर पुन्हा प्लाय. मग 'बोर्ड'. मग 'ट्रक्स'. तुम्हीच सांगा, प्लायवुडवाल्याच्या सुनेनं दुसरं काय समजायचं? मी ओरडलेच, "नाना! हे आपल्या धंद्याचं मासिक आहे! सगळ्या प्लायवुडच्या जाहिराती!"

नाना हातातलं ताट सोडून आले. "हे पोरगं काय करू राह्यलं?"

"मजबुती दाखवतोय. उंचावरून प्लायवर उडी मारतोय."

"अन् गुडघ्याले हे काय बांधलं?"

"सुतार गुडघ्यावर बसून काम करतात ना? गुडघे घासू नयेत म्हणून."

"अन् फळीले चाकं?"

"ढकलत न्यायला! आणि हे बघा, ट्रक. म्हणजे माल घरपोच."

अहाहा! काय तो आत्मविश्वास! 'स्केट' हा शब्द जागोजागी होता, नाही असं नाही. पण हार्डबोर्ड असतो, ब्लॅकबोर्ड असतो, तसा स्केटबोर्ड. असेल एखादी जात! शब्दकोश माझ्या लग्नातल्या पेटीत तळाशी होता. कोण उपसणार?

तेवढ्यात मला दिसलं 'प्रो'. ज्या त्या पोराच्या नावाशेजारी 'प्रो'! आता आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर काय असतं? प्रो. आणि पुढे मालकाचं नाव. आमच्याही पाटीवर होतंच की!

"नाना, हे कामगार नाहीत. हे प्रोप्रायटर आहेत! मालक स्वतः उड्या मारतायत!"

अक्कांनी मान पुढे केली. "एवढाली पोरं मालक?"

"अमेरिकेत मुलं लवकर स्वतःच्या पायावर उभी राहतात," मी म्हटलं.

नाना खाली बसले. "मालक स्वतः उडी मारतो... म्हंजे गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो. पन पडला त?"

मी पान उलटलं. एक पोरगा हाताला प्लास्टर घालून खुशाल हसत उभा, बगलेत फळी. "पडतात कधीकधी. पण बघा नाना, प्लास्टर हाताला आहे. फळीला नाही!"

नानांनी मांडीवर थाप मारली. "हे पाह्य! फळी शाबूत!"

आमच्या ह्यांनी एकदाच हळूच म्हटलं, "जरा कोणाला विचारून घ्यायचं का?"

"मी बी.ए. आहे!" मी म्हणाले. विषय संपला.

दुसऱ्याच दिवशी पेंटर आला. मासिकातलं चित्र जसंच्या तसं, फक्त पोराच्या जागी नाना. पेंटरनं विचारलं, "नाना, हाफपँट काढू का धोतर?"

अक्का आतून म्हणाल्या, "हाफपँट काढली त मी माहेरी चालली जाईन."

मग धोतरच काढलं. दुकानाच्या वर हा एवढा मोठा बोर्ड! निळ्या आभाळात नाना, टोपी घातलेले, धोतराचा सोगा उडतोय, धोतरावरून गुडघ्यांना गाद्या, पायाखाली चाकांची फळी. खाली माझी ओळ: 'आधी उडी, मग खरेदी!'

गर्दी व्हायला लागली हो! रिक्षा थांबायच्या. एकदा शिंदखेड्याचे एक काका कामासाठी आले होते. ते रस्त्यातच उभे राहिले. "भाऊ, हाई फळी उडस का?"

हे म्हणाले, "नाही काका, फळी नाही उडत. मालक उडतात."

"मंग मालक कव्हय उडतस?"

झालं! तोच प्रश्न सगळ्या बाजारात फिरला. मालक कधी उडणार? चहाच्या टपरीवर तेच, देवळात तेच. दुकानात येऊन लोक प्लाय बघेनात, नानांचे पाय बघायला लागले.

मला वाटलं होतं, चित्र म्हणजे चित्र. पण नाना गंभीरपणे म्हणाले, "बोर्डावर लिहिलं अन् केलं नही, त लोक फळीले बी खोटी म्हनतीन. दसऱ्याले उडी मारतो."

पन्नाशी उलटलेला माणूस! पण मीच तर पान उलटून उलटून दाखवलं होतं. आता कोणत्या तोंडानं नको म्हणू? मी मुकाट्यानं जुन्या गादीचा कापूस काढून गुडघ्यांसाठी गाद्या शिवायला बसले.

दसऱ्याचा दिवस उजाडला. दुकानाला झेंडूचं तोरण. शेजारी फुलवाल्यानं झेंडूचा हा मोठा ढीग लावलेला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. असोद्याहून आबा खास तमाशा बघायला पहिल्या रांगेत. दोन विटांवर प्लायचा तक्ता आडवा ठेवला, मागे टेबल. नाना नवीन धोतर, टोपी आणि माझ्या गाद्या बांधून टेबलावर चढले. ढोल सुरू झाला.

तेवढ्यात ह्यांचा मामेभाऊ दिनेश आला. इंजिनीअर, अमेरिकेत नोकरीला, सणासाठी सुट्टीवर आलेला. त्यानं वर बोर्डाकडे पाहिलं आणि पायरीवर बसलाच. पोट धरून.

"वहिनी, नानांना स्केटबोर्डवर कोणी चढवलं?"

मी ते मासिक गल्ल्यावर पोथीसारखं ठेवलं होतं. त्याच्या हातात दिलं. "अहो भाऊजी, प्लायवुडची जाहिरात आहे ही."

त्यानं दोन पानं उलटली. डोळे पुसले. "वहिनी, हा खेळ आहे. फळीवर उभं राहून घसरायचं, उड्या मारायच्या. ट्रक म्हणजे चाकं बसवायचा लोखंडी सांधा."

"आणि... प्रो?"

"प्रोफेशनल. खेळात मुरलेले खेळाडू. वर्षानुवर्षं हेच करतात ही पोरं. दिवसभर."

माझ्या कानात ढोलच ढोल. समोर टेबलावर नाना. ओरडावं तर अख्ख्या जळगावसमोर माझ्या इंग्रजीचा पंचनामा. अक्का मागेच उभ्या! आणि गप्प बसावं तर? नानांचे ते किडकिडीत पाय दिसले आणि मला राहवलं नाही. गर्दी सारत पुढे घुसले.

"नाना, खाली उतरा! मी चुकीचं वाचलं!"

ढोल थांबला. नाना वाकले. "काय चुकीचं?"

"ते मालक नाहीत हो! ते खेळाडू आहेत! ते प्लाय विकत नाहीत, खेळतात!"

आबांच्या मिशा हलायला लागल्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग खाली त्या तक्त्याकडे. आणि मोठ्यानं म्हणाले, "असू दे खेळाडू, नही त आनखी कोनी. फळी त आपलीच हाये ना?"

आणि मारली की हो उडी!

तक्ता धनुष्यासारखा वाकला. कड्... असा आवाज येणार म्हणून मी डोळे मिटले. आवाज आलाच नाही. तक्ता तसाच उसळून सरळ झाला आणि त्यानं नानांना जे भिरकावलं, ते थेट आबांच्या अंगावर! दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात गळा घालून झेंडूच्या ढिगात. वरून टोपी येऊन पडली.

आम्ही धावलो. ढिगातून आधी नानांचा आवाज आला. "फळी तुटली का?"

गर्दी ओरडली, "नाही!"

"मंग मापं सांगा!"

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी हे आणि दुकानातला माणूस मापं लिहून घेता घेता जेवायचे राहिले. केसांतला झेंडू झटकत आबा पहिले पुढे आले. "घरी माळ्याले लागन. चांगला जाड दे."

संध्याकाळी नाना पाटावर बसलेले, सुजलेल्या घोट्याला हळदीचा लेप. मी दाराआड उभी राहून रडत होते. त्यांनी हाक मारली.

"इकडी ये व माय. रडू नको. तू तसं वाचलं नसतं त मी उडलो नसतो. अन् उडलो नसतो त दिवाळीनंतर केळीत जायचंच ठरवलं होतं मी. कोनाले बोललो नव्हतो."

अक्का लेप लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्यांसमोर चुकलं म्हनाले बी हिंमत लागते." मग जरा थांबून, "पन ते पुस्तक मी फळीवर अंथरलं असतं तेच बरं होतं."

त्या घरात आल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो ती हीच पहिली वेळ.

इथे किस्सा संपायला हवा होता. पण नानांना माझं दुःख पुरतं घालवायचं होतं ना! काही दिवसांनी एका शाळेचे हेडमास्तर कपाटांसाठी प्लाय बघायला आले. मी दुकानात डबा घेऊन गेले होते. नाना लंगडत उठले आणि म्हणाले, "सर, आमच्या सुनबाईले घ्या तुमच्या शाळेत. इंग्रजी शिकवीन ती."

हेडमास्तर म्हणाले, "अरे वा! इंग्रजी कसं आहे त्यांचं?"

"कसं म्हंजे?" नानांची छाती फुगली. "तिच्या इंग्रजीवर भरवसा ठेवून मी टेबलावरून उडी मारली! तुमच्या पोरायले त निस्ता पेपर लिहायचा हाये!"

हेडमास्तरांनी नानांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग वर बोर्डाकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "बाई, मराठी शिकवाल का?"

आता निवृत्त झालेय मी त्याच शाळेतून. मुलं अजून रस्त्यात पाया पडतात. मराठीच्या बाई म्हणून!