मेंढरांचा पास

प्रांत मॅडम कुठलाही आदेश उभ्यानंच वाचायच्या. खुर्ची मागे सरकवून, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. वाचून झाला की आम्हाला विचारायच्या, "हा कुणाच्या दारात जाऊन अडकणार?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. सरकारी कचेरीत असले प्रश्न विचारायची पद्धत नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आदेशांना खंड नव्हता. सकाळी बाजार बंद, दुपारी भाजी सुरू, संध्याकाळी शुद्धिपत्रक. मी त्यांची अव्वल कारकून. टाइप करून बोटं दुखायची. वरचे साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर सांगायचे, "स्थानिक पातळीवर निर्णय घ्या." मॅडम माइक बंद करून पुटपुटायच्या, "म्हणजे चुकला तर आमचा." मला हसू यायचं. मग मास्कच्या वरचे त्यांचे लाल झालेले डोळे दिसायचे आणि मी पुढचा आदेश टाइप करायला घ्यायचे.

पाऊस तोंडावर आला असताना घाटातल्या नाक्यावर एक धनगर कुटुंब अडकलं. सांगलीच्या दुष्काळी भागातली ही माणसं दर साल कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात. यंदा जिल्ह्याची हद्द बंद. मॅडम मला घेऊन नाक्यावर गेल्या. रस्ताभर मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि म्हातारा कारभारी हात जोडून उभा.

"बाईसाहेब, पाऊस लागला की मेंढरं टिकत न्हाईत. पाय सडत्यात. रोगाला आमीबी भितो, पर मेंढरं गेल्यावर आमी जगायचं कशावर?"

तालुक्याचे डॉक्टर सोबत होते. "सोडा असं मी म्हणणार नाही मॅडम," ते म्हणाले, "आणि अडवा असंही म्हणवत नाही."

मॅडमनी रस्त्यावरच फेऱ्या मारायला सुरुवात केली. चार मेंढरं त्यांच्या मागून चालायला लागली. शेवटी म्हणाल्या, "पास काढा."

मी मोबाइल उघडला. पासाच्या ऑनलाइन अर्जात गाडीचा नंबर भरायचा होता, त्याशिवाय पुढे काही सरकेना. कारभारी म्हणाला, "आवं, मेंढरांला कसला आलाय नंबर?"

"माझ्या जीपचा टाका."

"अहो मॅडम, पण..."

"टाका."

तर सरकारी दप्तराप्रमाणे ते मेंढरांचं अख्खं खांड प्रांतांच्या जीपमधून घाट चढून आलं. परतताना आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

घाटावरच्या पहिल्या गावानं मात्र मुक्कामाला नकार दिला. एक म्हातारे शेतकरी, आबा, तेवढे पुढे आले. "माज्या रानात बसवा. ऊस तुटून गेलाय, लेंड्यांचं खतबी हुईल." मॅडमनी अटी घातल्या: पाणी बांधावर ठेवायचं, कुणी जवळ जायचं नाही. पण आमच्याकडे मेंढरं बसवली की रानाच्या मालकानं आपल्या हातानं धान्य द्यायचं आणि घटकाभर टेकायचं, ही रीत. आबा दिवस मावळताना ज्वारी घेऊन गेले. कारभाऱ्याच्या उपरण्याच्या पदरात ओतली आणि दोघांनी एकाच चंचीतली तंबाखू मळली.

धनगर पुढे गेले. आबांना ताप भरला. दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत.

गाव म्हणालं, मेंढरांनी रोग आणला. धनगर गावी पोचल्यावर त्यांची तपासणी झाली, सगळे ठणठणीत. इकडे आबांच्या घरात मुंबईहून पुतण्या गुपचूप येऊन राहिला होता, हेही कळलं. "पण कशातूनच काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाले.

मॅडमकडे खुलासा मागितला गेला: सरकारी जीपमधून मेंढरं कशी आणली, आणि गावात रोग आला तो कसा? मी मसुद्यात पुतण्याचं लिहिलं. मॅडमनी ते खोडलं.

"त्या घरातलं माणूस गेलंय. आता गावात तोंड दाखवायची सोयही काढून घ्यायची का?"

त्या जागी त्यांनी लिहिलं, निर्णय माझा होता. मला भयंकर राग आला. खरं सांगते, अजूनही येतो. स्वतःला वाचवायची संधी कुणी अशी पायानं लोटतं का? त्यांची बदली झाली.

जायच्या आधी त्या आबांच्या घरी गेल्या. मुलगा अंगणात उभा होता. "मॅडम, आबांनी सोताहून रान दिलं. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

"मी नाही म्हटलं असतं तर?" मॅडमनी विचारलं.

  परतताना जीपमध्ये मॅडम काच वर करत होत्या, खाली करत होत्या. 

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट जोरात असताना आबांच्या मुलाचा मला फोन आला. "त्येच धनगर परत आल्यात. आबांच्या रानात मेंढरं बसवलीत म्या. तेवढं मॅडमना कळवा."

मला भरून आलं. मी लगेच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.  मला वाटलं, आता तरी त्यांना बरं वाटलं असेल.

"आबांच्या घरातली सगळी बरी आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरी आहेत, मॅडम."

"तुम्ही विचारलंत?"

"हो. मुलगाच बोलत होता."

"आणि धनगरांची?"

"तीही बरी आहेत."

"एकदा परत विचारून घ्या," त्या म्हणाल्या, "मी थांबते फोनवर."