आकाशचं ताट

नांदेडहून आल्यावर तीन आठवडे काकासाहेब ओट्यावर बसले नाहीत. चिकलठाण्याच्या त्या गल्लीला ह्याचं लई नवल वाटलं, कारण रिटायर झाल्यापासून चार वर्षं काकासाहेब आणि ओटा कुणी वेगळे पाहिलेच नव्हते. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. आता दार लोटलेलं. तिसऱ्या घरातली चंपाबाई सकाळी साडेसातला कामाला निघाली की काकासाहेब आतल्या खोलीत जाऊन रेडिओचे कान पिळत बसायचे. तिच्या चपलांचा आवाज पुढं गेला, की मग चहा घ्यायचे.

लाज. दुसरं काय! वय त्रेसष्ट, मिशा पांढऱ्या, आणि एका बाईच्या चपला वाजल्या की तोंड लपवायची पाळी.

काकासाहेबांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर काढली. पाळी सुटली की कामगार रांगेनं यायचे, हात अंगापासून लांब धरायचे, डबा उघडून दाखवायचे, आणि काकासाहेब चाचपून सोडायचे. एकानं डब्याला खोटं बूड लावून तांब्याची तार लांबवायला बघितली, तर तोही त्यांनी धरला. त्याबद्दल कंपनीनं दिलेलं घड्याळ अजून बैठकीत आहे, बंद पडलेलं. चोर ओळखायचा तर हाताकडं बघू नये, मानेकडं बघावं, असं ते पाव्हण्यारावळ्यांना शिकवायचे. चोर आधी डावीकडं बघतो, मग उजवीकडं, आणि मग एकदम खाली. नोकरी सुटली तरी ही विद्या काही सुटली नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची ट्रिप त्यांनीच काढली होती. शनिवारी पहाटे निघायचं, यात्री निवासात मुक्काम करायचा, रविवारी परत. गल्लीतली बारा माणसं आणि भाड्याची एक ट्रॅव्हलर. चंपाबाई आपण होऊन आली आणि माझीबी सीट धरा म्हणाली. ती चार घरची धुणीभांडी करते, कधी कुठं जात नाही. दोन वर्षांमागं तिचा एकुलता एक आकाश गेला. शेंद्र्याच्या एका कंपनीचा माल टेम्पोत घालून तो नांदेडला न्यायचा, आणि एका फेरीत वाटेत गाडी उलटली. काकासाहेबांनी सीट धरली. तिला का यायचंय, हे मात्र विचारलं नाही. साऱ्या गल्लीच्या पिशव्यांची चौकशी करणाऱ्या माणसानं नेमकं तेवढंच विचारलं नाही.

नांदेडला पोचले, डोक्याला रुमाल बांधले, दर्शन झालं, आणि सगळे लंगरला जेवायला बसले. तिथं ना कुणी गाव विचारलं ना जात. पोळी वाढणारा पुढं आला तेव्हा काकासाहेबांनी एकच हात पुढं केला, तर त्या माणसानं हळूच सांगितलं की दोन्ही हात जोडून पसरा. काकासाहेब जरा ओशाळले. पण जेवले मात्र पोटभर.

जेवण झाल्यावर काकासाहेबांची बायको चतुराबाई बाकीच्या बायांना घेऊन भांडी घासायच्या सेवेला गेली. लांबलचक हौद, दोन्हीकडून माणसं उभी, आणि खात्यापित्या घरच्या बाया सोन्याच्या बांगड्या मागं सारून परक्यांची उष्टी ताटं घासत होत्या. चंपाबाईला कुणीतरी म्हणालं, आठवडाभर तेच करतीस, आज तरी बस की. ती हसल्यासारखं करून पदर सावरत पुढं गेली.

काकासाहेब खांबाला टेकून दात कोरत होते. तिथून त्यांना चंपाबाईची मान दिसली. डावीकडं वळली, उजवीकडं वळली, मग एकदम खाली झाली. आणि पदराखाली ताटाची कड चमकली.

झालं! चार ढांगांत काकासाहेब तिथं पोचले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"काय लपवलं गं? काढ भायेर."

ताट फरशीवर पडलं आणि गरगर फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत सगळ्यांचे हात हौदात थांबले होते. चंपाबाई काही बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे कबुली, हा गेटवरचा कायदा. काकासाहेबांनी ताट उचललं आणि तिथल्या म्हाताऱ्या सरदारजींना मान लववून दिलं. आमच्या संगतीचीच बाई आहे, गरीब आहे, पदरात घ्या, असंही वर म्हणाले. हे आठवलं की आजही त्यांच्या कानाच्या पाळ्या तापतात. चोर धरल्याचा मोठेपणा तर घेतलाच, वर दयेचाही घेतला!

सरदारजी नांदेडचेच, मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलायचे. त्यांनी ताट उलटसुलट करून बघितलं.

"भाऊ, हे आमचं नाही. आमच्या थाळ्या खणाच्या असतात," ते म्हणाले. "ह्याच्यावर नाव घातलंय बघा."

काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. चि. आकाश.

तेव्हा चंपाबाई बोलली. फरशीकडं बघत, हळू, जसं काही गुन्हा तिचाच होता.

"त्याचा पहिला पगार झाला तवा औरंगपुऱ्याच्या बाजारातून घेतलं व्हतं. नांदेडला आला की हितंच जेवायचा तो. म्हणायचा, आई, तिथं पोट भरलं म्हणलं तरी अजून घ्या म्हणतेत. घरी त्या ताटात आता कुणी जेवत नाय. मोडीत घालवत नाय. म्हणलं हितल्या ढिगात सारून द्यावं, रोज कुणी ना कुणी जेवंल त्याच्यात. एक ताट कोण घेतंय, नको म्हणतील, म्हणून विचारलं नाय."

एकतीस वर्षं काकासाहेबांनी बाहेर जाणारं तेवढं तपासलं होतं. कुणी काही आत ठेवायला आणत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही कधी आलं नव्हतं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते काकासाहेबांना त्या ओल्या फरशीवर उभं राहून कळलं. पायाखाली नुसतं खरकटं पाणी वाहत होतं, आणि सगळी गल्ली त्यांच्याकडं बघत होती.

सरदारजी म्हणाले, माई, द्या, आम्ही ठेवून घेतो. चंपाबाईनं मान हलवली.

"आता नको, बाबा. चोरीचा आळ आलेलं ताट कुणाच्या म्होरं ठिवू?"

तिनं ताट मागून घेतलं, पदरानं पुसलं, आणि पुन्हा पिशवीत घातलं.

रविवारी निघताना ट्रॅव्हलरच्या दारात काकासाहेब माणसं मोजत उभे होते. सगळ्यात मागून चंपाबाई आली. तिनं पिशवी खाली ठेवली, चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून दाखवली. एक लुगडं, एक टॉवेल, प्रसादाची पुडी, ते ताट. मग गेटवरचे कामगार करायचे तसे तिनं दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरले.

"बघून घ्या, काकासाहेब."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती खरंच दाखवत होती, मागाहून कुणी काही म्हणू नये म्हणून. खिडक्यांतून माणसं बघत होती. काकासाहेबांच्या तोंडून कसंबसं "बसा, बसा" एवढंच निघालं. वीस वर्षांत चंपाबाईला त्यांनी पहिल्यांदा अहोजाहो केलं, आणि तेही कुठल्या वेळी.

जालन्यापर्यंत चतुराबाई नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही. जालना सोडल्यावर बोलली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, पण तुमच्या वेळेला तर चोरबी नव्हता, असं म्हणून तिनं तोंड खिडकीकडं केलं ते घर येईपर्यंत.

मग ते तीन आठवडे. काकासाहेब मनातल्या मनात माफी घोकायचे आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी यायचे. चौथ्या रविवारी दुपारी निघाले, ते मात्र चंपाबाईच्या दारातच थांबले. त्या घरात ते कधी पाणीसुद्धा प्याले नव्हते. का, ते गल्लीला ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं.

"चंपाबाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "चार लोकांत चुकलं आणि माफी मागायला एकटाच आलो, हेबी चुकलं."

"तुम्ही तुमचं काम केलं," ती म्हणाली.

"काम सुटून चार वर्षं झाली, बाई."

काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. घोकलेलं सगळं विसरलं होतं.

"मला जेवायला वाढा," ते म्हणाले. "आकाशच्या ताटात."

चंपाबाई दारातून बाजूला झाली आणि या म्हणाली. काकासाहेब मांडी घालून बसले. तिनं दुसऱ्याच एका पोचे पडलेल्या ताटात भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. आकाशचं ताट फळीवर उभं होतं. काकासाहेबांची नजर तिकडं गेलेली तिनं पाहिली.

"त्यात नाय," ती म्हणाली. "ते मी परत नांदेडला नेणार हाय. एकटीच."

काकासाहेबांनी मान डोलावली. पानात काही टाकायची हिंमत नव्हती. अर्धी भाकरी उरली तेव्हा चंपाबाई पुढं आली, अजून घ्या म्हणाली, आणि त्यांनी दोन्ही हात पसरून घेतली.

जेवण झाल्यावर काकासाहेब आपलं उष्टं ताट घेऊन मोरीत गेले. उभ्या जन्मात स्वतःचं ताट घासलं नव्हतं. चंपाबाईनं अडवलं नाही. घासून, विसळून त्यांनी ते तिच्या हातात दिलं. तिनं उजेडाकडं धरून उलटसुलट बघितलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"कडंला ऱ्हायलंय," ती म्हणाली.

काकासाहेब पुन्हा खाली बसले आणि पुन्हा घासायला लागले.