नारळ उलटा फिरला

अख्ख्या बडोद्यात जमिनीखालचं पाणी माझ्याइतकं कुणाला कळत नाही. माझ्या स्वतःच्या घरी टँकर येतो, कारण अंगणात मी दाखवलेल्या जागी बोअर मारला तेव्हा दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. बायकोने त्या भोकावर तुळशीची कुंडी ठेवलीय आणि पाहुण्यांना आधी तीच दाखवते.

धंदा असा, की तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी चालायचं. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, मग बोअरवाले मशीन लावतात. शाळेत मी चौथीला तीनदा बसलो, चौथ्यांदा मास्तरच म्हणाले, "राहू दे." नारळाने मला कधी नापास केलं नाही.

ज्याच्याबद्दल सांगतोय तो माझा चेला, माझ्याबरोबर फक्त रविवारी असायचा. बाकी सहा दिवस मकरपुऱ्यात कारखान्यात पंप जोडायचा. संध्याकाळी शिफ्ट सुटली की तिथून बाइकांचा लोंढा निघतो, तुम्ही पाहिला असेल. त्यातला एखादा उंच पोरगा मधेच गाडी कडेला लावून, चपला काढून मातीत उभा राहिलेला दिसला असेल तर तो हाच. डोळे मिटायचा, पायाची बोटं मातीत रुतवायचा आणि म्हणायचा, "काका, खाली काहीतरी आहे."

निजामपुऱ्यात एका लग्नात जेवणाच्या रांगेत, हातात ताट घेऊन तेच. "काका, खाली काहीतरी आहे."

मी म्हटलं, "गटार आहे. पुढे सरक ने, श्रीखंड संपेल."

तो सरकला नाही आणि श्रीखंड संपलं. त्याच्या वाटचं कुणी खाल्लं ते विचारू नका.

त्याचं घराणं शिपाईगड्यांचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. घरात त्यांच्या तलवारीची खुंटी आहे, तिच्यावर आता मोबाइलचा चार्जर लटकतो. "त्यांनी मुलूख बघितला काका, मी नटबोल्ट बघतोय," असं म्हणायचा. वडील लहानपणीच गेले. आई कचेरीत नोकरीला, आणि बोलायला सरळसोट.

आता माझं पाप ऐका. एकदा शेवउसळ खाताना त्याने विचारलं, "काका, खाली सोनं असेल तर नारळ काय करतो?"

'माहीत नाही' म्हणायची मला सवय नाही. मिशीला लागलेला रस्सा पुसत म्हटलं, "सोन्यावर उभा राहत नाही. उलटा फिरतो." हे मी त्याच घासाला बनवलं होतं. त्याने चमचा खाली ठेवला.

पुढे तो पंप बसवायच्या कामावर आफ्रिकेत गेला. त्या देशाचं नाव मला घेता येत नाही. घ्यायला गेलो की लोक विचारतात, सर्दी झालीय का. समुद्रकाठचं गाव होतं. कुणी एक व्यापारी पूर्वी पळून जाताना मोहरांची पेटी तिथे पुरून गेला, असं गावातले म्हातारे सांगायचे. एक दिवस फोन आला.

"काका, नारळ उलटा फिरला!"

"कुठे?"

"दीपगृहाच्या कुंपणाच्या आत. सरकारी जागा आहे."

शहाण्या माणसाने काय सांगितलं असतं? मी सांगितलं, "खोल खण."

त्याने तीन दिवस खोल खणलं. चौथ्या दिवशी वाळू ढासळली आणि गडी छातीपर्यंत गाडला गेला. पोलिसांनी ओढून बाहेर काढला आणि सरळ आत टाकला. खड्ड्यात निघाली एक गंजकी साखळी. परका माणूस रोज हातात नारळ धरून दीपगृहाभोवती फिरतो म्हणजे हेर असणार, असा त्यांना संशय. आत यंत्र असेल म्हणून त्यांनी नारळ फोडला, तर पाणी निघालं. माझ्या विद्येने दाखवलेलं तेवढंच खात्रीचं पाणी.

पाच महिने तो तुरुंगात होता. तिथल्या एका गुजराती दुकानदाराने गुजराती समजणारा वकील लावून दिला. वकील म्हणाला, नारळाची भानगड काय ते त्याच्या गावच्या जाणकाराने कोर्टाला सांगावं, मोबाइलवरून चालेल. त्याची आई माझ्या दारात आली.

"भाऊ, तुम्ही शिकवलंत, तुम्हीच सांगायचं."

"सांगतो ना वहिनी! आमची ही विद्या—"

"विद्या नाही, खरं सांगायचं. नारळाला काही कळतं असं म्हणालात तर पोरगं यंत्र घेऊन गेलेला हेर ठरतं. सात वर्षं आत. नारळ खोटा म्हणालात तर ते नुसतं मूर्ख ठरतं. मूर्खाला सोडतात."

मी म्हटलं, "आणि माझा धंदा?"

त्या माझ्या तुळशीच्या कुंडीकडे बघत उभ्या राहिल्या.

सुनावणीच्या दिवशी निजामपुऱ्यात त्यांच्या घरी अर्धी सोसायटी जमली. मला परदेशच्या कोर्टात बघायला माझे दोन बोअरवालेही इस्त्रीचे शर्ट घालून आले. तिकडे जज म्हणजे चष्मा लावलेली एक बाई. वकील माझं गुजराती त्यांच्या भाषेत सांगणार होता. मी घसा खाकरून सुरुवात केली, "आमच्या घराण्यात सात पिढ्या..." आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसला. वाळलेला, दाढी वाढलेली, अनवाणी. माझ्याकडे असा बघत होता जसं देवळात बघतात.

सात पिढ्या तिथेच राहिल्या. मी नारळ हातावर घेतला.

"बाईसाहेब, नारळ काही करत नाही. अंगठा करतो. हा बघा." आणि सावकाश उभा करून दाखवला.

जजबाईंनी विचारलं, "आणि सोन्यावर उलटा फिरतो, ते?"

"ते मी शेवउसळ खाताना बनवलं."

शेवउसळ समजावून सांगण्यात वकिलाचा बराच वेळ गेला. मग जजबाईंनी नारळ मागवला. त्या गावात नारळाला काय तोटा! हातावर ठेवला, अंगठा दाबला, उभा केला. कोर्ट हसलं, पोलीस हसले, इकडे सोसायटी हसली. माझे बोअरवाले तेवढे हसले नाहीत. तोही हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला. तीस वर्षांच्या धंद्यात इतकं कोरडं मला कधी लागलं नव्हतं.

जजबाई म्हणाल्या, "मूर्खपणा हा काही गुन्हा नाही. पाच महिने पुरे झाले, घरी पाठवा." तेव्हा त्याने मान वर केली आणि मला हात जोडले. मी मोबाइल उलटा धरून रडलो, त्यामुळे कोर्टाला बराच वेळ वहिनींचं छत दिसत होतं.

बडोदे स्टेशनवर ढोल-ताशा नेला होता. त्याला खांद्यावर घेतला. मलाही घ्या म्हटलं, तर सगळ्यांना माझं वजन आठवलं. गल्लीतली पोरं महिनाभर हातावर लिंबं उभी करून माझ्यापुढून जात होती.

तो परत आला त्या दिवशी जेवताना त्याने खरी बातमी सांगितली. तुरुंगात पाण्याचे हाल होते, कैदी लांबून बादल्या वाहायचे. याने साहेबाला जागा दाखवली, अठरा कैद्यांनी मिळून विहीर खणली, पाणी लागलं. पहिली बादली त्यांनी याच्या डोक्यावर ओतली आणि साहेबाने सलाम ठोकला.

मी विचारलं, "नारळ कुठून आणलास?"

"नारळ कशाला? तुम्ही नारळ हातात घेण्याआधी अर्धा तास फिरता ना काका? वारूळ बघता, उन्हात कुठलं झाड हिरवं राहिलंय ते बघता, माती चुरडून वास घेता. मी तेवढंच केलं."

तो अर्धा तास मी गिऱ्हाइकावर वजन पडावं म्हणून फिरत होतो. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

तीन महिन्यांनी त्याच तुरुंगाच्या साहेबाने त्याला पत्र पाठवून परत बोलावलं, आजूबाजूच्या गावांना विहिरी दाखवायला. आता तो तिकडेच आहे. फोटो येतात. नवी विहीर, काठावर बाया, पोरं, म्हातारे, सगळे भिजलेले, आणि मधे हा, त्यांच्यापेक्षा जास्त भिजलेला.

परवा मी पासपोर्टचा फॉर्म घेऊन वहिनींकडे गेलो. म्हटलं, "मीही जातो. त्याला गुरू जवळ पाहिजे."

वहिनी मेथी निवडत होत्या. वरसुद्धा न बघता म्हणाल्या, "तिथल्या लोकांना खरंच पाणी पाहिजे आहे, भाऊ. तुम्ही इथेच बसा."