शहाणपणाचा दाखला

टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात मी भाचीची फाईल लावत बसले होते. शेजारची बाई धाकट्या जावेचं बाळ स्वतःच्या पोटात वाढवायला निघाली होती. सरोगसीच्या अटी ती बोटांवर मोजत होती. लग्न झालंय, स्वतःचा मुलगा आहे, वय तेहतीस. राहिला होता फक्त डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला.

“जावेसाठी नऊ महिने पोट वाढवणारी बाई शहाणी आहे, असं कुठला डॉक्टर लिहून देईल, ताई?” तिने मला विचारलं. पलीकडे जाऊ नखं खात होती.

तिला आत बोलावलं; दहा मिनिटांनी ती मनाच्या डॉक्टरांकडून बाहेर आली.

“काय विचारलं, वहिनी?”

“जावेशी पटतं का म्हणे. म्हटलं, छे! रोज भांडतो.”

जाऊ रडकुंडीला आली. “अहो, असं सांगतात का? मग?”

“मग दिला की दाखला! म्हणाले, ‘छान पटतं’ सांगितलं असतं तर शंका आली असती.”