पाहुण्यांनी भरलेलं घर

बाळांनो, यंदा नाताळच्या नाटकात धाकट्याने सराईवाला होऊन मरीयेच्या तोंडावर दार इतकं जोरात आपटलं की पडदाच खाली आला, असं तुमच्या आईने सांगितलं. मी हसले, मग मला जेवण गेलं नाही. माझी नजर आता अधू होत चालली आहे, म्हणून हे आजच लिहून ठेवते.

तुमचे आजोबा महाडला तापाने गेले. चार वर्षांची तुमची आई आणि पोटातलं बाळ घेऊन मी बैलगाडीने माहेरी वाईला निघाले. प्रार्थना ओठांवर येतच नव्हती. ज्याने ऐकलं नाही, त्याच्याशी काय बोलायचं? पोलादपूर मागे पडलं आणि घाटाच्या पायथ्याशी अवेळीच कळा सुरू झाल्या. गाडीवानाने दिसेल त्या वाडीत, पहिल्याच घरापुढे गाडी थांबवली. शिमग्याचे दिवस, मुंबईची माणसं गावी आलेली, घर गच्च भरलेलं. घरच्या म्हातारीने मला सरळ गोठ्यात नेलं. ख्रिस्ती म्हणून घरात घेतलं नाही, असं वाटून मी रडत म्हणाले, "ओटीवर कोपरा दिला असतात तरी चाललं असतं."

"ओटीवर बाप्ये लोळतायत. त्यांच्यासमोर बाळंत होशील काय गो? हितं आडोसा हाय, ऊब हाय."

मुलगा झाला, अगदी एवढासा. म्हातारीने गव्हाण झाडली, पेंढ्यावर आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि त्याला म्हशीच्या श्वासाच्या उबेत निजवलं.

"आये, म्हशीला वैरण कशात घालू?" तिचा मुलगा कुरकुरला.

"तुज्या डोक्यात घाल. नायतरी भुसाच हाय त्यात!"

मदतीला जमलेल्या बायका हसल्या. मिशनच्या शाळेत येशूच्या जन्माची, गव्हाणीत निजवलेल्या बाळाची कथा मी इंग्रजीतून तोंडपाठ म्हणत असे, आणि दर वेळी मनात सराईवाल्याला शिव्या देत असे. शुभवर्तमानात तो सराईवाला नाहीच, हे मला त्या गोठ्यात पडल्या पडल्या उमगलं. घर भरलेलं होतं आणि कुणीतरी गव्हाण रिकामी केली होती, एवढंच तिथे आहे.

तिसऱ्या सकाळी बाळाचा श्वास थांबला. मरीयेचं वाचलं, माझं का नाही, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. म्हातारी माझ्याजवळ बसली. "आमची गेलेली ल्हान पोरं जितं हायत, तितंच ठेवू. एकलं नको."

मी मान डोलावली. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिलेलं घेणं तेवढं हाती होतं. ते घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी देवाचं नाव तोंडातून निघालं.

ती म्हातारी गेली, घरही पडलं. वाडीमागच्या आंब्याखाली, त्यांच्या पोरांच्या दगडांत, तिने ठेवलेला दगड अजून आहे.